वाचकांचे प्रश्न : चार्जरची तुटलेली वायर आणि पहिले सोल्डरिंग

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे सोल्डरिंग, म्हणजे वितळलेल्या धातूने तारा सांधणे, या एकाच विषयावरची असल्यामुळे ती एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे, कारण बाकीच्या तिन्ही प्रश्नांचे मूळ त्यातच आहे.

प्रश्न : माझ्या मुलीच्या लॅपटॉपच्या चार्जरची वायर पिनेपाशी तुटत आली आहे. ती एका ठरावीक कोनात धरली तरच चार्जिंग होते, जरा हलली की बंद पडते. दुकानदाराने नवा चार्जर घ्यायला सांगितले. मी आजवर सोल्डरिंग आयर्न हातात धरलेले नाही, पण शिकायची मनापासून तयारी आहे. चार्जरवर ‘१९ व्होल्ट, ३.४२ अँपियर’ असे छापले आहे. हे काम घरी करता येईल का? – एक वाचक, कराड

उत्तर : होय, करता येईल, मात्र वायर चार्जरच्या कोणत्या बाजूला तुटली आहे, हे आधी नक्की केले पाहिजे. चार्जरच्या मध्यभागी जो काळा ठोकळा असतो, त्याच्या एका अंगाला भिंतीतल्या सॉकेटमधून २३० व्होल्टचा प्रवाह येतो आणि दुसऱ्या अंगाने १९ व्होल्टचा प्रवाह लॅपटॉपकडे जातो. आपली वायर लॅपटॉपच्या बाजूला तुटली आहे आणि नवशिक्याने हात घालावा अशी हीच एक बाजू आहे. प्रत्यक्ष ठोकळा मात्र कोणत्याही कारणाने उघडू नये. त्याच्या आतल्या मोठ्या कपॅसिटरवर, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागावर, चार्जर चालू असताना सुमारे ३२५ व्होल्टचा दाब असतो आणि प्लग काढल्यानंतरही तो काही काळ टिकून राहू शकतो. पुष्कळ चार्जरांची वायर ठोकळ्यातून बाहेर पडते नेमकी तिथेच तुटते. आपली तिथे तुटली असती, तर जोडायला बाहेर टोकच न उरल्यामुळे ठोकळा फोडावा लागला असता, आणि मग मीही आपल्याला नवा चार्जर घेण्याचाच सल्ला दिला असता.

तुटलेली जागा शोधण्यासाठी चार्जर लॅपटॉपला जोडा आणि पिनेपासून सुरुवात करून वायर बोटभर अंतराने हलकेच वाकवत जा. चार्जिंगचा दिवा जिथे लुकलुकतो तिथे आतल्या तारा तुटल्या आहेत असे समजा. ही जागा बहुतेक वेळा पिनेच्या रबरी बुडापासून दोन बोटांच्या आतच सापडते. वायर काळवंडली असेल, मऊ पडली असेल किंवा जळका वास येत असेल, तर मात्र ही तपासणी करू नका. चार्जर लगेच सॉकेटमधून काढा आणि तेवढा भाग पुढे पूर्ण कापून टाका.

पिनेचे बूड साच्यात ओतलेले असते, त्यामुळे ते कापून तिथेच डाग देणे पहिल्या प्रयत्नात जमण्यासारखे नाही. सोपा मार्ग असा, की पिनेसकट तयार मिळणारी लॅपटॉपची डीसी केबल आणायची, जुनी वायर चांगल्या भागात कापायची आणि दोन्ही केबली मध्येच जोडायच्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत किंवा आपल्या गावच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात अशी केबल मिळू शकते. तिथे कापलेली जुनी पिन बरोबर घेऊन जा, कारण ५.५ मिलिमीटर बाहेरच्या व्यासाच्या पिनांमध्येही आतले छिद्र २.५ आणि १.७ अशा वेगवेगळ्या मापांचे असते आणि हा फरक नुसत्या डोळ्यांना कळत नाही. नव्या केबलची जाडी जुनीइतकीच हवी. बारीक केबल स्वस्त मिळते, पण ३.४२ अँपियरला ती तापते.

आता केबलच्या आत काय आहे ते पाहा. ब्लेडने वरचे काळे आवरण गोलाकार हलकेच कापून ओढले, की खाली सुट्या केसांसारख्या तांब्याच्या तारा भोवती गुंडाळलेल्या दिसतात. त्यांच्या आत प्लॅस्टिकची दुसरी नळी आणि त्या नळीत तारांचा आणखी एक जुडगा असतो. बहुतेक चार्जरांत आतला जुडगा धन आणि बाहेरचा ऋण असतो. चार्जरच्या चिठ्ठीवर एक ठिपका, त्याभोवती अर्धवर्तुळ आणि दोन्ही बाजूंना अधिक-उणेची चिन्हे असलेली आकृती छापलेली असते. ठिपक्याला जोडलेले चिन्ह अधिकचे असल्याची खात्री तिच्यावरून करून घ्या. आतली आतल्याला आणि बाहेरची बाहेरच्याला, एवढे लक्षात ठेवले की चूक होत नाही. काही कंपन्यांच्या चार्जरमध्ये पिनेच्या मधोमध सुईसारखा काटा असतो आणि केबलमध्ये तिसरी बारीक वायर असते. चार्जर किती वॅटचा आहे, हे लॅपटॉपला तिच्यातून कळते. आपल्या चार्जरमध्ये तशी वायर निघाली, तर तीही तितक्याच काळजीने जोडावी लागेल आणि नवी केबलही तीन वायरांचीच लागेल.

साहित्य फार लागत नाही. २५ वॅटचे सोल्डरिंग आयर्न आणि त्याचा स्टँड, पोटात रोझिन (राळ) भरलेली ६०/४० प्रकारची बारीक सोल्डर वायर, दोन मापांची हीट श्रिंक स्लीव्ह (उष्णतेने आवळणारी नळी), ओला स्पंज आणि व्होल्ट मोजणारा साधा मल्टिमीटर एवढ्यावर काम होते. ६०/४० म्हणजे साठ भाग कथील आणि चाळीस भाग शिसे. नुसते कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, पण शिशाबरोबर या प्रमाणात मिसळले की १८३ अंशांपासूनच वितळू लागते आणि १९० अंशांच्या आसपास पूर्ण पातळ होते, म्हणून नवशिक्याला हाच मिश्रधातू सोयीचा पडतो.

सोल्डरिंगचे तत्त्व मराठी घरांना नवे नाही. दारावर येणारा कल्हईवाला काय करीत असे, ते आठवून पाहा. तो भांडे आधी भट्टीवर चांगले तापवी, मग त्यात नवसागराची पूड टाकी आणि त्यानंतरच कथलाची कांडी भांड्याला टेकवी. कांडी भट्टीवर वितळवून भांड्यात ओतताना त्याला कोणी पाहिले नसेल; तापलेले भांडेच कथील वितळवून घेत असे आणि कापसाच्या बोळ्याचा हात फिरताच ते अंगभर पसरत असे. नवसागर भांड्यावरचा ऑक्साइडचा थर काढत असे, कारण कथील धरते ते स्वच्छ धातूवरच. आपल्याला नेमके हेच करायचे आहे. तांब्याची वायर म्हणजे भांडे, सोल्डर वायर म्हणजे कांडी आणि तिच्या पोटातले रोझिन म्हणजे नवसागर. नवशिक्यांची जवळपास प्रत्येक चूक एकाच ठिकाणी होते : ते सोल्डर आयर्नच्या टोकावर वितळवून घेतात आणि तो थेंब थंड वायरीवर नेऊन ठेवतात. वाटेतच रोझिन जळून जाते, थेंब वायरीवर मण्यासारखा बसतो आणि सांधा झाल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात तो धरलेला नसतो.

केबल कापण्यापूर्वी चार्जर सॉकेटमधून आणि लॅपटॉपमधून काढून ठेवा. कापल्यावर एका केबलची आतली वायर लांब आणि बाहेरची आखूड, तर दुसरीची नेमकी उलट अशी टोके तयार करा, म्हणजे दोन सांधे समोरासमोर न येता एकमेकांपासून दोन-तीन सेंटीमीटर दूर पडतील. बाहेरच्या सगळ्या तारा गोळा करून त्यांचा एक शेपटा पिळून घ्या. एकही केसाएवढी तार मोकळी राहू देऊ नका, कारण तीच पुढे आतल्या वायरीला टेकून शॉर्ट सर्किट करते. यानंतर, आणि सोल्डर लावण्यापूर्वी, जाड स्लीव्ह एका केबलवर आणि दोन बारीक तुकडे दोन वायरांवर चढवून सांध्यापासून लांब सरकवून ठेवा. सांधा झाल्यावर स्लीव्ह घालायला वाट राहत नाही, आणि जवळ ठेवली तर ती आयर्नच्या उष्णतेने आधीच आवळते.

जोडायच्या दोन्ही टोकांच्या तारा केरसुणीसारख्या थोड्या फुलवा, एकमेकींत घुसवा आणि घट्ट पिळा. हलके ओढून पाहा. सोल्डर नसतानाही हा पीळ टिकला पाहिजे. ओढ सोसण्याचे काम पिळाचे आहे, सोल्डरचे नाही. मग तापलेल्या आयर्नचे टोक ओल्या स्पंजवर पुसून त्यावर किंचित सोल्डर लावा आणि ते टोक पिळाच्या खालून टेकवा. दोन-तीन सेकंद थांबून सोल्डर वायर पिळाच्या वरच्या अंगाला टेकवा, आयर्नला नव्हे. तांबे पुरेसे तापले असेल, तर सोल्डर एका क्षणात पाण्यासारखे पातळ होते आणि पिळाच्या फटींतून खाली शोषले जाते. हा क्षण एकदा डोळ्यांनी पाहिला, की पुढे कोणी सांगावे लागत नाही. आधी सोल्डर दूर करा, मग आयर्न, आणि त्यानंतर चार-पाच सेकंद वायर अजिबात हलवू नका, फुंकरही मारू नका. चांगला सांधा चकचकीत असतो आणि सोल्डरच्या पातळ थराखाली तारांचे पीळ दिसत राहतात. सांधा मळकट, दाणेदार किंवा गोळ्यासारखा झाला, तर तो थंड राहिला असे समजा आणि थोडे ताजे सोल्डर देऊन पुन्हा तापवा. आयर्न दहा-दहा सेकंद टेकवून ठेवू नका. त्याने प्लॅस्टिकची नळी मागे आक्रसते आणि तांबे उघडे पडते.

खऱ्या चार्जरला हात लावण्यापूर्वी निकामी केबलीच्या तुकड्यांवर असे दहा सांधे करून पाहावेत, असा माझा आग्रह आहे. पहिले तीन बिघडतात आणि सातव्या-आठव्यापर्यंत हाताला अंदाज येतो. शिकायला आलेल्या प्रत्येकाच्या बाबतीत मी हेच पाहिले आहे.

सांधे थंड झाल्यावर बारीक स्लीव्ह त्यांच्यावर सरकवा आणि आयर्नच्या टोकामागची दांडी जवळून फिरवून आवळून घ्या. मग जाड स्लीव्ह चढवा. ती सांध्याच्या दोन्ही बाजूंना किमान दोन सेंटीमीटर पुढे गेली पाहिजे. सोल्डर तारांमध्ये थोडे आतवर चढते आणि तेवढा भाग ताठ होतो. नंतर वायर तुटते ती सांध्यात नाही, तर ताठ भाग संपून मऊ भाग सुरू होतो त्या ठिकाणी. जाड स्लीव्ह तिथला बाक सौम्य करते.

चार्जर सॉकेटमध्ये घालण्यापूर्वी मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (दोन टोके आतून जोडलेली असली की आवाज देणाऱ्या खुणेवर) ठेवून पिनेच्या आतला आणि बाहेरचा भाग तपासा. सुरुवातीला क्षणभर आवाज येऊन थांबला तर घाबरू नका, आतला कपॅसिटर भरला जात असतो. आवाज सतत येत राहिला, तर मात्र कुठेतरी शॉर्ट आहे आणि सांधे उघडून पाहावे लागतील. हे ठीक असल्यास लॅपटॉप न जोडता चार्जर चालू करा, मल्टिमीटर डीसी २०० व्होल्टवर घ्या, लाल सुई पिनेच्या आत आणि काळी बाहेर टेकवा. आकडा १९ च्या आसपास आणि उणे चिन्हाशिवाय आला पाहिजे. उणे चिन्ह दिसले, तर वायरांची अदलाबदल झाली आहे आणि अशी पिन लॅपटॉपमध्ये घालणे म्हणजे लॅपटॉप गमावणे.

शेवटची परीक्षा बोटांची. लॅपटॉप जोडून पंधरा मिनिटांनी सांध्याला हात लावून पाहा. तो बाकीच्या वायरीइतकाच थंड असला पाहिजे. कच्च्या सांध्याचा रोध अवघा अर्धा ओहम धरला, तरी ३.४२ अँपियरला तिथे जवळपास सहा वॅट उष्णता निर्माण होते. आपल्या हातातले आयर्न २५ वॅटचे आहे, म्हणजे तो सांधा पाव ताकदीचे आयर्न बनून मुलीच्या गादीवर किंवा वह्यांवर पडून राहील. सांधा कोमट लागला, तरी तो कापा आणि नव्याने करा.

प्रश्न : हाच प्रकार मोबाइलच्या फास्ट चार्जिंग केबलवर करावा का? आत चार रंगीत वायर दिसल्या. – एक विद्यार्थी, लातूर

उत्तर : सरावासाठी जरूर करा, वापरासाठी करू नका. जुन्या पद्धतीच्या यूएसबी केबलमध्ये लाल वायर ५ व्होल्टची, काळी ऋण आणि हिरवी-पांढरी माहितीची असते, असा संकेत आहे. स्वस्त केबलीत हे रंग पाळलेले नसतात, म्हणून रंगाला रंग जोडण्यापूर्वी दोन्ही टोके मल्टिमीटरने ताडून पाहावीत. दोन्ही टोकांना सी प्रकारची पिन असलेल्या केबलीतून २० व्होल्टपर्यंत, तर काही नव्या प्रकारांत ४८ व्होल्टपर्यंत वीज जाऊ शकते, आणि किती व्होल्ट सोडायचे हे चार्जर आणि फोन आतल्या बारीक वायरींवरून एकमेकांना सांगतात. तिथे एखादी वायर चुकीच्या जागी टेकली, तर फोनच्या नाजूक भागावर भलताच दाब येतो. केबलच्या किमतीसाठी फोन पणाला लावू नये.

प्रश्न : आमच्या घरी उंदराने लॅपटॉप चार्जरची भिंतीकडची, तीन पिनांची केबल कुरतडली. आत तपकिरी आणि निळी वायर उघडी पडली आहे. सोल्डर करून वर टेप गुंडाळली तर चालेल का? – एक वाचिका, रत्नागिरी

उत्तर : कृपया करू नका, आणि ती केबल आजच सॉकेटमधून काढून ठेवा. आधी बटण बंद करा, मगच प्लगला हात लावा. तपकिरी वायर फेजची, निळी न्यूट्रलची आणि हिरवी-पिवळी अर्थिंगची असते. आपण लिहिलेल्या दोन उघड्या वायरांमध्ये २३० व्होल्ट आहेत. या बाजूचा घरगुती सांधा कितीही नीट झाला, तरी ती केबल रोज जमिनीवर ओढली जाते, पायाखाली येते, पावसाळ्यात ओल धरते. टेपेचा गोंद उष्णतेने सुटतो आणि एक दिवस तांबे हाताला लागते. शिवाय इथे दुरुस्तीची गरजच नाही. बहुतेक लॅपटॉपच्या ठोकळ्यात ही केबल नुसती खोचलेली असते, तिचे टोक तीन पाकळ्यांच्या पानासारखे दिसते, आणि तशी आयएसआय खुणेची नवी केबल विजेच्या किंवा संगणकाच्या दुकानात सुटी मिळते. जुनी केबल फेकण्यापूर्वी तिचा प्लग कापून टाका, म्हणजे घरातले दुसरे कोणी ती चुकून पुन्हा वापरणार नाही.

प्रश्न : सोल्डरमध्ये शिसे असते असे वाचले. घरात तीन वर्षांचा नातू आहे. धुरातून त्याला अपाय होईल का? आणि दुकानदार डबीतली पेस्ट वेगळी घ्या म्हणतो, ती घ्यावी का? – एक आजोबा, नाशिक

उत्तर : आपली काळजी योग्य आहे, फक्त तिची दिशा थोडी बदलली पाहिजे. दिसणारा पांढरा धूर रोझिनचा असतो. आयर्नच्या उष्णतेला शिशाची वाफ होत नाही म्हटले तरी चालेल. रोझिनचा धूर मात्र श्वासनलिकेला त्रास देतो आणि दमा असणाऱ्यांना बाधतो, म्हणून खिडकीशी बसावे, चेहरा सांध्याच्या थेट वर आणू नये आणि नातवाला त्या वेळी खोलीत ठेवू नये. शिसे शरीरात जाण्याचा खरा मार्ग हातातून तोंडात हा आहे. सोल्डर वायर दातात धरायची सवय पुष्कळ जुन्या कारागिरांना असते, ती आपण लावून घेऊ नये. काम करताना खाऊ-पिऊ नये, नंतर हात साबणाने धुवावेत आणि टेबल ओल्या फडक्याने पुसावे. खाली पडलेले सोल्डरचे बारीक थेंब चकचकीत मण्यांसारखे दिसतात आणि लहान मूल ते नेमके उचलते. म्हणून काम जमिनीवर न करता काठ असलेल्या जुन्या ताटात करावे. मी स्वतः तसेच करतो. शिसेविरहित सोल्डरही मिळते, पण त्याचा सर्वसाधारण प्रकार २२७ अंशांना वितळतो आणि साध्या २५ वॅटच्या आयर्नने त्याचा सांधा पहिल्या प्रयत्नात क्वचितच नीट होतो. घरात लहान मूल असताना थोडे जास्त वॅटचे आयर्न घेऊन शिसेविरहित सोल्डरच वापरावे, असे मला वाटते.

पेस्टबाबत, म्हणजे धातूवरचा ऑक्साइड काढणाऱ्या लेपाबाबत, सांगायचे तर डबीवर रोझिन असे लिहिले असेल तरच ती घ्या. पत्र्याच्या आणि नळाच्या कामाची पेस्ट वेगळी असते आणि तिच्यात आम्लधर्मी क्षार असतात. शिकत होतो त्या काळात मी तशी पेस्ट एका रेडिओच्या वायरीला लावली होती. सांधा त्या दिवशी आरशासारखा चमकला आणि मला फार आनंद झाला. पावसाळा उलटल्यावर तोच रेडिओ परत आला, तेव्हा आवरणाखाली बोटभर लांबीपर्यंत तांबे हिरवे पडले होते आणि हात लावताच तारा भुग्यासारख्या सुटल्या. नवसागर भांड्याला चालतो, कारण कल्हई झाल्यावर भांडे धुऊन निघते. वायरीच्या आत शिरलेला क्षार मात्र धुता येत नाही. आपल्याकडे तशी पेस्ट आधीच आणलेली असेल, तर ती पत्र्याच्या कामासाठी वेगळी ठेवा, आणि तिने एखादा सांधा केला असेल, तर पेस्ट पोचली असेल तिथपर्यंतची वायर कापून टाका आणि पुढच्या स्वच्छ तांब्यावर नव्याने जोडा.